व्हिडिओ डिलीट करू का?

पत्राचा सारांश

मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातलं एक गाव. तालुका, जिल्हा मुद्दाम गाळला आहे. वाचक २९ वर्षांचे, चाकणला कंपनीत नोकरी, बायको आणि मुलगी तिकडेच. आई-वडील गावी. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांनीच काढलेला, ॲडमिनही हेच. जल जीवन मिशन या केंद्राच्या नळयोजनेच्या संकेतस्थळावर आपल्या गावात शंभर टक्के घरांना नळ असल्याचं त्यांनी पाहिलं. गावात मात्र यंदाही उन्हाळाभर टँकर होता. त्यांनी तो स्क्रीनशॉट आणि कोरड्या तोट्यांचे फोटो जोडून व्हिडिओ केला, त्यात सरपंचांना ‘चोर’ म्हटलं आणि तो फेसबुकवर टाकला. सरपंच नात्याने चुलती. कारभार चुलताच बघतो. व्हिडिओ तालुकाभर फिरला. मग ग्रुपवर कोणीतरी फुटलेल्या टाकीचा फोटो टाकला. तो दुसऱ्याच गावचा निघाला, आणि ‘हे सगळंच खोटं’ म्हणायला समोरच्यांना आयतं निमित्त मिळालं. चुलत्याने वडिलांना पारावर चारचौघांत सुनावलं, घरकुलाच्या यादीचाही विषय काढला. वडिलांचा फोन आला, “तुला तिथं बसून काय होतंय? आम्हाला इथं राहायचंय.”

वाचक विचारतात: व्हिडिओ काढू का? काढला तर घाबरला म्हणतील. दुसऱ्या नावाने पेज काढून चालू ठेवू? ग्रुप बंद करू? “इंटरनेटमुळे लोकशाही मजबूत होते म्हणतात. माझ्या तर घरातच भांडण लागलं.”

उत्तर

व्हिडिओ काढून टाका. वडील रागावले म्हणून नव्हे, आणि चुलत्याला बरं वाटावं म्हणून तर नव्हेच. तुमच्याकडे स्क्रीनशॉट आहे, कोरड्या तोटीचा फोटो आहे. ‘चोर’ हा शब्द मात्र तुम्ही पदरचा घातला आहे. आज कोणी विचारलं, की बाबा पैसा कोणी, कुठल्या बिलात खाल्ला, तर तुम्हाला सांगता येणार नाही. लोक घाबरला म्हणतील, आठ दिवस म्हणतील. काढताना ग्रुपवर दोन ओळी टाका: ‘सरपंचांबद्दल वापरलेला शब्द मागे घेतो. नळाला पाणी का नाही हे विचारणं मागे घेत नाही, त्याचे कागद मागवतो आहे.’ याउपर खुलासा नको, वादावादी तर नकोच.

आता त्या शंभर टक्क्यांकडे नीट बघू, कारण घोळ तिथूनच सुरू झाला आहे. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं माप. तुम्ही पाहिलेला आकडा मात्र नळजोडण्यांचा आहे. पाइप आला, तोटी बसली, की ते घर मोजलं गेलं. मार्चनंतर विहिरीला पाणी उरतं का, मोटार जळाली तर कोण भरतो, वीज बिल थकलं का, हे त्या रकान्यात येत नाही. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा लातूरच्या घरांत नळ होतेच.

आणखी एक गोष्ट त्याच संकेतस्थळावर आहे, ती बहुतेक जण बघत नाहीत. ‘हर घर जल’ म्हणजे सगळ्या घरांना नळ असलेली गावं दोन प्रकारे दाखवलेली असतात: काही राज्याने नुसती कळवलेली, काही ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित केलेली. तुमचं गाव यातल्या कुठल्या रकान्यात आहे, ते पत्रात नाही. प्रमाणित असेल, तर सगळ्या घरांना पाणी मिळतं असा ठराव तुमच्याच गावच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, असायला हवा. कुठल्या तारखेची सभा? कोण सूचक, कोण अनुमोदक? त्या दिवशी वडील होते का? मला तुमच्या व्हिडिओपेक्षा हा कागद जास्त वजनाचा वाटतो. सभाच झाली नसेल आणि ठराव असेल, तर मग बोलायला खरोखर जागा आहे.

दुसरं गृहीतक म्हणजे योजना गावात, म्हणून पैसा सरपंचाच्या हातात. नळयोजनेची निविदा, गुत्तेदाराची नेमणूक, एमबी (मोजमाप पुस्तिका) भरणं, बिल काढणं हे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून होतं. योजना मोठी असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून. गेल्या काही काळात राज्यभर या योजनेच्या गुत्तेदारांची बिलं अडकल्याची ओरड झाली, कामं अर्धवट पडली. तुमच्या गावचं काम पूर्ण झालं आहे की अर्धवट? झालं असेल तर ग्रामपंचायतीकडे हस्तांतर झालं का? ही तारीख कळल्याशिवाय कोणाला जाब विचारायचा तेच ठरत नाही. चुलत्यावर ओरडत बसलात तर खरा जबाबदार माणूस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पंख्याखाली निवांत बसेल.

याचा अर्थ चुलत्याला मोकळं सोडा असा नाही. योजना ताब्यात आल्यावर देखभाल ग्रामपंचायतीची, आणि त्यासाठी पैसा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ग्रामपंचायतीत त्याला ‘बंधित निधी’ म्हणतात. तो कशावर खर्च झाला हे २०२० पासून चालू असलेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि आर्थिक वर्ष निवडा. आराखड्यात कुठली कामं धरली आणि पैसे कशावर दिले ते उघडतं. मोटार दुरुस्तीच्या नावाने किती गेले, नालीला किती, ते वर्षनिहाय एका वहीत उतरवून काढा. चुलत्याला विचारायचा प्रश्न त्या वहीतून निघेल, आणि तो ‘चोर’ या शब्दापेक्षा अवघड असेल.

आता जरा नाजूक विचारतो. मतदार यादीत तुमचं नाव कुठे आहे? ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं; राज्यघटनेतच तशी व्याख्या आहे. नाव दोन्हीकडे ठेवता येत नाही, आणि जिथे राहतो तिथे ते असावं अशी कायद्याची अपेक्षा. ते चाकणकडे नेलं असेल, तर गावच्या ग्रामसभेचे तुम्ही सभासद नाही. आई-वडील आहेत. म्हणजे बोलायचा हक्क त्यांचा, आणि तुमच्या व्हिडिओची किंमतही त्यांनीच मोजली. पिठाच्या गिरणीवर, सोसायटीत, दूध घालायला रोज ज्यांच्याशी गाठ पडते, त्यांच्यासमोर उभे राहणारे वडील आहेत. तुम्हाला गप्प बसवण्यासाठी हे सांगत नाही. बाहेर राहून गावासाठी काही करणाऱ्या हजारो पोरांची कामाची वाटणीच इथे चुकते, म्हणून सांगतो. चाकणला बसून तुम्हाला नेट मिळतं, वेळ काढता येतो, कागद वाचता येतो. तुमच्याकडे ते काम घ्या. गावात तोंड कोणी उघडायचं, ते गावात राहणाऱ्यांना ठरवू द्या.

वडिलांशी आधी बोला, फोनवर, आणि घरकुलापासून सुरुवात करा. त्यांची धास्ती तीच आहे. घरकुलाची यादी, मंजुरी आणि हप्त्यांची स्थिती संकेतस्थळावर दिसते, हप्ताही थेट बँक खात्यात येतो. वडिलांचं नाव कुठल्या टप्प्यावर आहे ते आज बघा आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या नाव खालीवर झालं, तर कधी झालं ते दाखवता येईल. ‘बघून घेतो’ एवढ्यावरच राहिलं तर ठीक. त्यापुढे गेलं, तर भाऊबंदकी म्हणून गिळू नका, पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उजेडात आणणाऱ्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये तळेगाव दाभाडेत खून झाला. अशा कामात धोका नसतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. एकट्याने करू नका, एवढाच त्यावर मला माहीत असलेला उतारा.

खोट्या नावाच्या पेजबद्दल: नको. गावात चार दिवसांत कळतं कोण आहे ते, आणि मग जे खरं असेल तेही गेलं.

माहितीचा अर्ज मात्र तुमच्याच नावाने, चाकणच्या पत्त्यावरून करा. इथे मतदार यादी आड येत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ देशाच्या कोणत्याही नागरिकाला लागू आहे आणि माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. वडिलांना मध्ये आणायचं कारणच नाही. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. ज्या कार्यालयाकडे अर्ज करायचा ते त्या यादीत असेल तर तिथून, नसेल तर रजिस्टर पोस्टाने. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून इथे राग लिहायला जागा नाही हे बरंच आहे.

बहुतेक अर्ज ‘पाणी का येत नाही? पैसा कुठे गेला?’ अशा प्रश्नांवर वाया जातात. हा कायदा कागद देतो. ‘का’चं उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी, म्हणजे कार्यालयात हे अर्ज हाताळणारा माणूस, बांधील नाही. तो ‘प्रश्नार्थक आहे’ म्हणून अर्ज निकाली काढतो आणि आपण चिडतो. तुमचा अर्ज असा असू दे: ‘अमुक गावच्या नळपाणीपुरवठा योजनेचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेल्या देयकांची यादी, आणि योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित केल्याचे पत्र, यांच्या प्रती द्याव्यात.’ हा जिल्हा परिषदेला. दुसरा ग्रामपंचायतीला, फक्त ‘हर घर जल’ ठरावाच्या प्रोसिडिंगची प्रत आणि त्या सभेचं हजेरी पुस्तक मागणारा. (ग्रामसेवकाचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, मराठवाड्यासाठी त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दंडाची तरतूद रोज २५० रुपये, कमाल २५,००० आहे. तिची आठवण अर्जात करून देऊ नका, अपिलात द्या.

ज्यांना टपालाची वाट बघायची नाही, त्यांच्यासाठी एक सोय कमी माहितीची आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. गावाकडचा एखादा मित्र जिल्ह्याला जाणारच असेल तर सोमवार धरून जाऊ दे. एमबीची पानं डोळ्यांनी पाहिली की अर्ज नेमका लिहिता येतो.

मग हे कागद न्यायचे कुठे? तुमच्या मनात फेसबुक असणार. माझ्या मनात १ मेची ग्रामसभा आहे. आपल्याकडे ग्रामसभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला तुमचं अर्धं गाव कोयत्यावर असतं, कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. १५ ऑगस्टला विहीर भरलेली, नळ सुटलेला. तेव्हा पाण्याचा विषय काढणारा माणूस हसण्यावारी जातो. १ मेला टोळ्या परत आलेल्या असतात, हंडे रांगेत असतात, आणि तुमच्या कंपनीलाही सुट्टी असते. म्हणून आत्ता घाई नको. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात अर्ज, अपील, कागद, उन्हाळ्यात नोंदी, आणि विषय १ मेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून एप्रिलातच ग्रामपंचायतीला लेखी अर्ज. त्यावर आवक क्रमांक घ्यायचा, नाहीतर ‘आलाच नाही’ म्हणतात. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असलेली संख्या लागते. ती भरली पाहिजे, हे काम मात्र तुमच्या ग्रुपचं. ऊसतोडीला गेलेल्यांचे फोन तर आहेतच. सभेची तारीख, विषय आणि दोन मिनिटांचा आवाजी निरोप त्यांना फडावर पोचू दे. बरेच जण वाचणार नाहीत, ऐकतील.

सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती वहीतच होते. ती खरोखर झाली तर तुमच्या स्क्रीनशॉटची फारशी गरज उरणार नाही, कारण किती पाणी आलं ते आईला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माणशी ५५ लिटरने पाच जणांच्या घराला रोज २७५ लिटर होतात, म्हणजे दोनशे लिटरचा एक ड्रम आणि वर पंधरा लिटरच्या पाच घागरी. हे माप बायांना सांगा. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक गल्लीतून एकीने रोज एवढंच लिहायचं: तारीख, नळ आला की नाही, आला तर किती घागरी. वहीत लिहून फोटो ग्रुपवर. दीड महिन्याची अशी वही सभेत वाचली, तर ‘फोटो दुसऱ्या गावचा आहे’ असं कोण म्हणणार? वाचायला तुम्ही उभे राहू नका. १ मेला गावी जा, मागे बसा, आणि प्रोसिडिंगमध्ये प्रश्न नोंदवला गेला का एवढंच सभा संपायच्या आत बघून घ्या. सभेतली आरडाओरड संध्याकाळी विसरली जाते. वहीत नाही आलं ते झालंच नाही, असं पुढे धरतात.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण अशा पत्रांत ‘पोलीस उचलतील का’ हे नेहमी असतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाविरुद्ध त्यानंतर दाद मागितली गेली, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. बदनामीचा गुन्हा मात्र आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये. खरं आणि लोकहिताचं असेल तर अपवाद आहे, पण खरं ठरवायचं ओझं तुमच्यावर येतं. ‘सरपंच चोर आहेत’ हे तुम्हाला ठरवता येणार नाही. ‘संकेतस्थळावर इतक्या जोडण्या दाखवल्या आहेत आणि या गल्लीत २० एप्रिलला नळाला पाणी आलं नाही’ हे ठरवता येईल. दुसऱ्या वाक्याने लाइक कमी मिळतील.

ग्रुप बंद करू नका. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. त्याचा त्यात सामील इरादा दिसला तर गोष्ट वेगळी. पण त्या टाकीच्या फोटोचं काय झालं ते तुम्ही भोगलंत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्या सुमाराच्या अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. ओळखीच्या माणसाने पाठवलं की आपण तपासत नाही, खरी अडचण ही आहे. तुमच्या ग्रुपला एक नियम पुरे: फोटो टाकणाऱ्याने जागा, तारीख आणि स्वतः काढला का, हे खाली लिहायचं. न लिहिलेला फोटो ॲडमिनने काढायचा, मग तो आपल्या बाजूचा का असेना. आधी आपल्या बाजूचाच काढा.

आणि ॲडमिनपद एकट्याकडे ठेवू नका, तेही चाकणला. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत किमान निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यांची नावं वहीत आहेत का, आणि त्यातल्या कोणाकडे स्वतःचा फोन आहे, ते आईला विचारा. अशा दोघी मिळाल्या तर त्यांना ॲडमिन करा. चुलत्याच्या घरातली एखादी त्यात असेल तर तिला आधी.